संतांच्या नावांची वही

वर्तक मॅडम गेल्या तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एक छोटी पुस्तिका काढली. मलाही एक पान लिहायला सांगितलं. त्या कशा शिकवायच्या, कशा हसायच्या, वर्गात पेन्सिली कशा वाटायच्या, हे सगळं मी लिहिलं. पान छापून आलं. चांगलं उतरलंय म्हणून दोघातिघांनी फोनही केले. त्या पानात एक शब्द खोटा नव्हता. पण त्यांच्याबद्दल खरं तेवढंच सांगायचं आणि बाकीचं गिळायचं, ही माझी दुसरी वेळ होती. पहिल्या वेळी जे झालं ते त्यांना भोगावं लागलं. म्हणून हे पुन्हा लिहायला बसलो आहे.

निर्मला वर्तक दिल्लीतल्या एका विद्यापीठात इटालियन शिकवायच्या. मी मिरजेचा, अन्वर मुजावर. घरी दखनी, शाळेत मराठी आणि कॉलेजात मोडकंतोडकं इंग्रजी एवढं घेऊन दिल्लीला एम.ए. करायला आलो होतो. मुनिरकात तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती, तिची खिडकी शेजारच्या भिंतीत उघडायची. परकी भाषा येत असली की अनुवादकाची सरकारी नोकरी लवकर लागते असं कोणीतरी सांगितलं, म्हणून संध्याकाळच्या इटालियनच्या वर्गाला नाव घातलं.

पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्या माझ्या नावाशी थांबल्या. दिल्लीत माझ्या नावाशी लोक थांबतात याची मला सवय होती. मी मान खाली घालून पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो.

"मुजावर? सांगलीकडचा का रे तू?"

"मिरज."

"अरे मग मराठीत बोल की! मघापासून 'जी मैडम, जी मैडम' काय लावलंयस?"

सगळा वर्ग हसला. दिल्लीत येऊन वर्ष झालं होतं, आणि माझं नाव ऐकून कोणी खुशीत आलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. तरी खोलीवर जाईपर्यंत माझ्या मनात एकच चाललं होतं, की यांना माझ्याकडून काय हवं असेल?

मॅडम बुटक्या होत्या. केस कानापर्यंत कापलेले. बारा महिने सुती साडी, आणि तिच्यावर पुरुषांचं असावं तसं बिनबाह्यांचं खादीचं जाकीट. त्याला चार मोठे खिसे. दोनात पेन्सिली, एकात बडीशेप, आणि चौथ्यात कधी काय निघेल याचा नेम नसायचा. एकदा त्यातून अख्खं वांगं निघालं होतं. आयएनए मार्केटमध्ये त्याचा रंग आवडला म्हणून घेतलं होतं आणि भाजीच्या पिशवीत ठेवायचं विसरल्या होत्या. खोडरबर मात्र त्यांच्याकडे कधीच नसायचं. वर्गात कोणी काढलं तर त्या ते जप्त करायच्या.

होय, इटालियनच्या वर्गात. त्या शब्द शिकवायच्या आधी तो काढायला लावायच्या. टेबल हा शब्द शिकायचा असेल तर आधी टेबल काढायचं, आणि तेही कोणाचं तरी. "टेबल असं जगात काही नसतं रे. दादाचं टेबल असतं, पोस्टातलं टेबल असतं." मी माझी खोली काढली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "दार कुठाय?" खाट, स्टोव्ह, पुस्तकं, खिळ्यावरचा शर्ट, सगळं होतं, दार नव्हतं. मी खोडरबर मागितलं. "खोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं, पुढे जा. भिंत ओली आहे."

हे त्यांचं रोजचं वाक्य होतं, आणि नव्या माणसाला त्याचा अर्थ कळायचा नाही. तिकडे इटलीत जुन्या देवळांच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यातच रंग भरायची पद्धत होती. गिलावा वाळला की रंग आत शिरत नाही. म्हणून गवंडी रोज सकाळी तेवढाच गिलावा करायचा, जेवढा चित्रकार त्या दिवसात रंगवून संपवेल. त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे एका दिवसाचं काम. "जवळ जाऊन पाहिलं ना, तर तुकड्यांचे सांधे दिसतात," त्या सांगायच्या. "या दिवशी फक्त एक चेहरा झालेला. त्या दिवशी नुसतं आकाश. कधी वाटतं, त्या दिवशी चित्रकाराला ताप आला असेल." स्वतःचं कामही त्या तसंच करायच्या. दिवसाला झेपेल तेवढाच तुकडा घ्यायचा, तो त्याच दिवशी संपवायचा आणि पुन्हा त्याला हात लावायचा नाही. सहा वाजले की पेन्सिल खिशात टाकून म्हणायच्या, "वाळली भिंत."

त्यांनी सांगितलं त्यावरून एवढं कळलं, की वडिलांची बदली दिल्लीला झाल्यावर त्यांना फ्रेंच शिकायचं होतं. तो वर्ग भरला होता म्हणून इटालियनमध्ये बसल्या. मग शिष्यवृत्तीवर पेरुजाला गेल्या, तिथे देवळांतल्या भिंतींवर लिहिलेल्या मजकुरावर संशोधन सुरू केलं. तिथल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने त्यांना म्हटलं, की बाई, तुम्ही वाचता फार आणि बघता कमी. आत फोटो काढायला परवानगी नव्हती. म्हणून त्या भिंतींसमोर बसून त्या काढू लागल्या, आणि मजकूर मागे पडून चित्रंच पुढे आली. दिल्लीला परतल्यावर विभागात कुजबुज सुरू झाली. ही भाषा शिकवते की ड्रॉइंग? विभागप्रमुखांनी त्यांच्या वर्गाची तपासणी करवली, बढती अडली ती अडलीच. एका गॅलरीच्या व्हरांड्यात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा चित्रकारांना वाटलं, ही प्राध्यापक इथे काय करते? पन्नाशी उलटल्यावर त्यांनी हँडिकॅम हातात घेतला तेव्हा दोन्हीकडचे लोक हसले. मॅडमना याचं वाईट वाटत असेल, पण त्यांनी ते कधी दाखवलं नाही. "मी एकच काम करते," त्या म्हणायच्या. "लोकांना ते तीन दिसतं."

त्या राहायच्या लक्ष्मीबाई नगरात, थोरल्या भावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्यांनी लग्न केलं नव्हतं. भाऊ श्रीकांत वर्तक एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते. मॅडम त्यांना दादा म्हणायच्या, मीही तेच म्हणू लागलो. वहिनी शांत स्वभावाच्या होत्या. दर गुरुवारी मी जास्तीच्या अभ्यासाला तिथे जायचो, आणि खरं सांगायचं तर वहिनींच्या हातच्या मुगाच्या खिचडीसाठीही जायचो.

दादा कागदाला भिणारे गृहस्थ होते. मॅडमनी बाल्कनीतल्या भिंतीचा हातभर तुकडा खरवडून त्यावर ओला गिलावा लावला, तेव्हा त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं.

"निमा, हे सरकारी घर आहे. खिळा ठोकायचा तर अर्ज करावा लागतो. इन्स्पेक्शन झालं तर काय सांगू मी?"

"सांग, सीलन आलीय, ओल धरलीय."

"सीलनला निळा रंग असतो का?"

"सरकारी क्वार्टरांत असतो. समोरच्या शर्माजींच्या बाथरूममध्ये जाऊन बघ."

असं भांडायचे, आणि रविवारी सकाळी तेच दादा वर्तमानपत्र पसरून बहिणीच्या वीस-पंचवीस पेन्सिलींना ब्लेडने टोकं काढत बसायचे. शार्पनर त्यांना पसंत नव्हता, शिसं मोडतं म्हणून. टोकं काढून झाली की सगळ्या पेन्सिली स्टीलच्या ग्लासात उभ्या करून तिच्या टेबलावर ठेवायचे, आणि वर म्हणायचे, "घे. कर अजून सरकारी मालमत्तेचं नुकसान."

दिल्लीत ती वर्षं संशयाची होती. बसमध्ये चढलं की सीटखाली वाकून बघायची सवय सगळ्यांना लागली होती. बेवारस वस्तूला हात लावू नका, असं प्रत्येक खांबावर लिहिलेलं असायचं. कॉलन्यांना फाटकं बसली, फाटकाशी चौकीदार आले, चौकीदाराकडे रजिस्टर आलं. त्या रजिस्टरमध्ये मलाही नाव लिहावं लागायचं. कोणी नुसतं पाहिलं तरी मला वाटायचं, ओळखपत्र कुठल्या खिशात आहे?

एका दुपारी मॅडमबरोबर बसने येत होतो. जागा नव्हती म्हणून त्या पुढे, मी मागे. त्यांनी गिलाव्यासाठी भिजवलेल्या चुन्याचा पत्र्याचा डबा सीटखाली ठेवला होता, आणि कुठल्यातरी थांब्यावर त्या खिडकीशी जाऊन बाहेरचं काहीतरी बघत उभ्या राहिल्या. सीटवर नव्याने बसलेल्या बाईंना डबा दिसला. झाकणाभोवती तार गुंडाळलेली, कडेला पांढरी पूड. बाई ओरडल्या. बस थांबली, सगळे धडाधड उतरले, दोन पोलीस आले.

"मेरा है भैया," मॅडम शांतपणे पुढे होऊन म्हणाल्या. "चूना है. आप पान में खाते हैं ना, वही."

"इतना सारा?"

"दीवार को खिलाना है."

पोलीस हसला नाही. त्याने विचारलं, "अकेली हैं? साथ में कौन है?" त्यांनी गर्दीत माझ्यासाठी नजर फिरवली. मी उतरलेल्या लोकांत होतो, दहा पावलांवर. मी पायातली चप्पल सारखी करायला खाली वाकलो. "अकेली हूँ," त्या म्हणाल्या. अर्ध्या तासाने त्यांना सोडलं. मग मी त्यांना जाऊन मिळालो.

"कुठे होतास रे?"

"गर्दीत अडकलो होतो."

"बरं," त्या म्हणाल्या आणि डबा माझ्या हातात दिला. एवढंच.

त्या हिवाळ्यात त्यांनी सिनेमा सुरू केला. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा ब्लॉक दिसायचा. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर चार खिडक्या. त्यांना ती बारा चौकटींची भिंत वाटायची, देवळातल्या भिंतीसारखी, जिच्यात प्रत्येक चौकटीत एकेका संताच्या आयुष्यातला एक प्रसंग असतो. कॅमेरा तिथून हलवायचा नाही, रोज एकाच खिडकीचं एक काम टिपायचं आणि वर्षभरात भिंत पूर्ण करायची, असा बेत होता. कॅमेऱ्याच्या आधी त्या वहीत नोंद करायच्या, इटालियनमध्ये. तारीख, वेळ, उजेड कुठून, कोण काय करतंय. शेजाऱ्यांची खरी नावं लिहिणं त्यांना असभ्य वाटायचं. म्हणून त्यांनी सगळ्यांना संतांची नावं दिली होती. कुत्र्याला फिरवणारे गृहस्थ सान रोक्को, कारण त्या संताच्या पायाशी नेहमी कुत्रा असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजी सांता लुचीया, ती डोळ्यांची संत. मुलीला खांद्यावर घेऊन स्कूलबसपर्यंत पळणारा कारकून सान क्रिस्तोफोरो. ही नावं सांगताना त्यांचा चेहरा खुलायचा. समोरच्या ब्लॉकमधल्या कोणालाही असं वाटलं नसतं, की आपल्यावर कोणी इतकी माया करतंय.

एक दिवस ती वही पार्कातल्या बाकावर राहिली. चौकीदाराने ती उचलून कॉलनीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी त्यागीजी यांच्याकडे दिली.

पुढच्या गुरुवारी फाटकावर चौकीदार म्हणाला, "त्यागीजी बुला रहे हैं." दुधाच्या बूथला लागून असोसिएशनची खोली होती. दुपारचं ऊन आत आलं होतं. त्यागीजी स्वेटर घालून, समोर सोललेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता. मला त्याने दोन फोडी दिल्या.

"वर्तक मैडम के यहाँ आते हैं आप? हर गुरुवार?"

"जी. पढ़ने."

"क्या पढ़ने?"

"इटालियन."

"अच्छा, इटालियन." त्यांनी चौकीदाराकडे पाहिलं. "शुभ नाम?"

"अन्वर."

"पूरा बताइए."

"अन्वर मुजावर."

"कहाँ से हुए?"

"महाराष्ट्र. मिरज."

"वर्तक साहब भी महाराष्ट्र के हैं," ते म्हणाले, आणि दोन महाराष्ट्र शेजारी ठेवून पाहावेत तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पुलिस वेरिफिकेशन हुआ है आपका?"

ते चालूच होतं. अनुवादकाच्या परीक्षेत मी पास झालो होतो. चारित्र्याच्या चौकशीचे कागद मिरजेला आणि मुनिरकाच्या ठाण्यात गेले होते. आदल्याच आठवड्यात एक हवालदार खोलीवर येऊन विचारून गेला होता, "उठना-बैठना किन लोगों में है?" घरी अब्बांनी नोकरीची बातमी सगळ्या गल्लीला सांगून टाकली होती.

"चल रहा है," मी म्हणालो.

मग त्यांनी ड्रॉवरमधून मॅडमची वही काढून माझ्यासमोर ठेवली. "ज़रा पढ़के बताइए, क्या लिखा है. आपका नाम कहीं नहीं आएगा."

मी वाचू लागलो. दोनच पानांत मला सगळं कळलं. खरं तर मजा वाटू लागली होती. 'सव्वासहा. सान रोक्को बाहेर, हातात निळी पिशवी. पाऊण तासाने परत, पिशवी नाही. उजेड अजून भिंतीवर यायचा आहे.' असं पानांमागून पान. आणि मग एक पान असं आलं, की ज्यातली खिडकी समोरच्या ब्लॉकमधली नव्हती.

'सान तोम्माझो. गुरुवार, पावणेपाच. जिना चढायच्या आधी मागे वळून पाहतो. कोणी नसलं तरी पाहतो. वर आल्यावर हसतो, पण चपला दाराकडे तोंड करून काढतो.'

तोम्माझो कोण हे त्यांनीच वर्गात सांगितलं होतं. गुरू मरणातून उठला असं सोबत्यांनी सांगितलं तरी ज्याला खात्री पटली नाही, जखमेत बोट घालून पाहीन मगच विश्वास ठेवीन म्हणाला, तो हा संत. म्हणजे खिचडी वाढताना, शब्द शिकवताना, या मला बघत होत्या. मीही यांच्या भिंतीवरचा एक तुकडा होतो. मला आधीपासून वाटत होतं ना, की यांना माझ्याकडून काहीतरी हवं आहे?

"क्या हुआ?" त्यागीजींनी विचारलं. "ये नाम किसके हैं?"

"ये असली नाम नहीं हैं."

"मतलब कोड."

मी वही मिटून त्यांच्याकडे सरकवली.

"कोड ही हुआ ना फिर?"

"कह सकते हैं."

"और ये टाइम?"

"टाइम असली हैं," मी म्हणालो.

या संवादाचा मी पुढे कितीतरी वेळा हिशेब मांडून पाहिला आहे. यात मी खोटं काय बोललो? काहीच नाही. ही सिनेमाची तयारी आहे, ही संतांची नावं आहेत, एवढी दोन वाक्यं मी बोलायची होती आणि ती मला येत होती, हिंदीतही येत होती. भीती होती हे खरं. पण नुसत्या भीतीवर ढकलून मला सुटता येणार नाही. त्या पानाचा रागही होता. आणि आणखी एक गोष्ट होती, जी कबूल करायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते. त्या खोलीत शिरताना सगळ्यांची नजर माझ्यावर होती, आणि मी बोलल्यावर ती माझ्यावरून उठून दुसरीकडे गेली. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. फाटकातून बाहेर पडताना चौकीदाराने मला पहिल्यांदाच नमस्कार केला.

असोसिएशनने दादांच्या ऑफिसला पत्र लिहिलं. सरकारी क्वार्टरमधून परवानगीशिवाय चित्रीकरण, रहिवाशांच्या येण्याजाण्याच्या वेळांच्या सांकेतिक नोंदी, 'भाषा के जानकार से पढ़वाया गया'. दादांची बढती तोंडावर आली होती. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला.

त्यानंतरच्या गुरुवारी मी गेलो तो जिन्यातच थबकलो. वरून आवाज येत होते.

"दादा, खरं सांग. वही तू कोणाला दाखवलीस?"

"मी? अगं, मी ती वही हातात धरलेली नाही!"

"मग हा जाणकार कोण? कॉलनीत कोणाला इटालियन येतं? तुमच्या मंत्रालयात अनुवादक बसवलेत, त्यांतलाच ना? तुला माझी शंका होती तर मला विचारायचंस. चोरून कशाला तपासायचंस?"

"निमा, तू मला उलटं विचारतेस? कोडमध्ये लिहायची गरज काय होती तुला?"

"कोड नाही रे ते! संत आहेत ते!"

"आपल्या कॉलनीत कसले आले संत?"

एरवी या वाक्यावर दोघंही हसले असते. कोणी हसलं नाही. माझी चाहूल लागून वहिनींनी दार उघडलं. त्यांचे डोळे लाल होते. "अन्वर, आज नको रे बाळा. पुढच्या आठवड्यात ये." मी हो म्हणालो. पुन्हा गेलो नाही.

महिन्याभरात मॅडम गाझियाबादला भाड्याच्या घरात गेल्याचं कळलं. बारा खिडक्यांपैकी पाचच झाल्या होत्या. कॅमेऱ्याच्या टेपा दादांनी खुलाशासोबत जमा केल्या, त्या परत आल्या नाहीत. बढती मिळाली नाही. दादा आहे त्या पदावरून रिटायर झाले आणि नाशिकला गेले. भाऊबहीण पुन्हा बोलले नाहीत. माझं वेरिफिकेशन स्वच्छ आलं. मी आजही त्याच नोकरीत आहे.

माझ्यावर मॅडमना संशय आला नाही. सगळी दिल्ली माझ्याकडे संशयाने बघत होती तेव्हा त्यांनी एकट्यांनी बघितलं नव्हतं, आणि नेमका त्यांनीच तो संशय घ्यायला हवा होता.

अकरा-बारा वर्षांनी त्यांचा मेसेज आला. सिनेमा पूर्ण झालाय, रविवारी दुपारी एका कॉलेजात दाखवतेय, ये. गाझियाबादमधल्या त्यांच्या घरासमोर एक टॉवर उभा राहत होता. सात वर्षं त्यांनी फक्त तो उभा राहताना टिपला होता. आधी बांधकामाची माणसं, मग रिकाम्या खिडक्या, मग एकेक पडदा. तीस-पस्तीस प्रेक्षक होते. मी शेवटच्या रांगेत बसलो. कोणाचं नाव नाही, निवेदन नाही. एका खिडकीत एक बाई पहिल्यांदा दिवा लावते आणि स्विच पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघते, तिथे लोक हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अन्वर! टक्कल पडलं की रे तुला!" दिवे लागताच त्यांनी मला शोधून काढलं. "चल घरी. चहा घे."

घर लहान होतं, सगळीकडे कागद. चहा ठेवता ठेवता त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, "दादा गेला. दोन वर्षं झाली."

"तुम्ही गेला होतात?"

"नाही." त्या गॅसची ज्योत बारीक करत राहिल्या. "वहिनींचा फोन आला होता, आजारी आहे, ये म्हणून. मी निघालेही होते. स्टेशनपर्यंत गेले आणि परत आले. त्याने माझी वही परक्याला वाचायला दिली, हे काही केल्या जाईना मनातून. आता वाटतं, शंभर पानांची तर वही होती."

मी उभाच होतो. म्हणालो, "मॅडम, दादांनी नाही दिली. त्यागीजींनी मला बोलावलं होतं. मी वाचली."

त्यांनी गॅस बंद केला. मी सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे तसं. संत्र्याच्या फोडी, वेरिफिकेशन, तोम्माझोचं पान, 'कह सकते हैं'.

"तोम्माझोच्या पानाला पुढचं पान होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "ते नाही वाचलंस?"

"नाही."

"हं."

त्या पानात काय होतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नव्हता. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"मला सांगून काय उपयोग? दादा मरेपर्यंत मी नाही, मी नाही म्हणत राहिला असणार. आणि वहिनी? बढतीसाठी याने बहिणीला पुढे केलं असेल, असं त्यांच्याही मनात येऊन गेलं असेलच की. त्या त्याच संशयात बसल्यात तिकडे." त्यांनी टेबलावरचा मोबाइल उचलला, नंबर लावला, आणि स्वतःच्या कानाला न लावता माझ्यापुढे धरला. "त्यांना सांग."

दोनदा रिंग वाजली.

"निमा?" वहिनींचा आवाज आला. नंबर त्यांनी जपून ठेवला होता. "निमा, तूच ना गं?"

"वहिनी, मी अन्वर. गुरुवारी यायचो तो."

"अन्वर? अरे देवा. निमा बरी आहे ना? काय झालं तिला?"

"त्या बऱ्या आहेत. इथेच आहेत. मला तुम्हाला काही सांगायचंय."

सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी हाक मारली, वहिनी हलल्या नाहीत. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे यांनी नव्हती दाखवली?"

"नाही."

"नक्की ना रे? यांनी नव्हती?"

"नाही वहिनी. दादांनी वही पाहिलीही नव्हती. मी होतो तो."

मग अगदी हळू त्या म्हणाल्या, "निमाला दे."

मॅडमनी फोन घेतला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या. "वहिनी," एवढं म्हणाल्या. मग नुसतं ऐकत राहिल्या. मी दारापाशी उभा होतो. माझ्याकडे न पाहता त्यांनी डावा हात जरासा उचलला आणि हवेत हलवला. तो हात मला बस म्हणत होता की जा म्हणत होता, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी जा असं समजलो, आणि दार ओढून घेऊन जिना उतरलो.